आंजी (मोठी): धुऱ्याला लागून धुरा

वर्ध्याहून आर्वीकडे निघालेली एसटी शहर मागे टाकते आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापसाची, तुरीची वावरे सुरू होतात. अर्ध्या-पाऊण तासात आंजी येते. वर्धा जिल्ह्यात आंजी नावाचे दुसरेही गाव आहे, म्हणून कागदोपत्री हिला कंसात ‘मोठी’ लिहितात. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतली माणसे इथे उतरतात तेव्हा ते नाव शोभतेही. आमचे मामूजान याच गावचे. त्यामुळे वर्षातून दोन-तीनदा तरी आमची इथे फेरी होते. आम्ही नवरा-बायको दोघेही शिक्षक आणि मुले शहरात वाढलेली. शेत म्हणजे काय हे त्यांनी पुस्तकात नव्हे, इथेच पाहिले.

गावाजवळून धाम नदी वाहते. महाकाळीच्या धरणातून निघालेले तिचे पाणी पुढे वर्धा शहराची तहान भागवते. याच नदीच्या काठी खाली पवनारला विनोबा भाव्यांचा आश्रम आहे. त्यांनी कुराणाचा अनेक वर्षे अभ्यास करून ‘कुराण-सार’ हे संकलन तयार केले, ही गोष्ट आपल्या घरांतल्या जुन्या माणसांना ठाऊक असते. नदीचा हा पट्टा गवळाऊ जातीच्या पांढऱ्या गुरांसाठीही ओळखला जातो. चपळ चालीचे हे बैल वर्धा जिल्ह्याची शान. मामूंच्या गोठ्यातली जोडीही गवळाऊच.

इथली शेतीची भाषा वेगळी आहे. शेताला इथे ‘वावर’ म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला बांध म्हणतात तो इथला ‘धुरा’. शेतात जाणारी वाट ती ‘पांदण’. कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडे म्हणजे ‘पऱ्हाटी’, आणि तूर-हरभरा-सोयाबीनचा भुसा म्हणजे ‘कुटार’. आणखी एक शब्द इथल्या सातबारावर सापडतो, तो म्हणजे ‘झुडपी जंगल’. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली दप्तरात अशी नोंद असलेली जमीन जागोजाग आहे. मोठी झाडे कमी, बोरी-बाभळी, पळस, रायमुनिया आणि कमरेइतके गवत जास्त. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनच मानायची असा निर्णय दिला, तेव्हा हा शब्द वर्तमानपत्रांत झळकला. शेतकऱ्याला मात्र तो रोजचाच. मामूंच्या पाच एकरांच्या वरच्या अंगाला अशीच झुडपी जमीन आहे. पावसाळ्यात ती हिरवीगार असते. फेब्रुवारीत पळस फुलतो तेव्हा ती पाहत राहावी अशी दिसते. मार्च उजाडला की मात्र तिच्याकडे पाहताना काळजी वाटू लागते.

कारण मार्च हा धुरे पेटवण्याचा महिना. रब्बीची कामे उरकत आलेली असतात. धुऱ्यावर कुसळीचे गवत, तरोट्याच्या काड्या, बोरीचे काटे वाळून उभे असतात. ते कापायला मजूर लावायचा तर पैसे लागतात, आणि मजूर मिळतही नाही. काडी ओढली की अर्ध्या तासात धुरा मोकळा. साप-विंचवाची भीती जाते, किडीची अंडी जळतात, पुढच्या वखरणीला अडचण राहत नाही, असे शेतकरी सांगतो. त्यात तथ्य नाही असे नाही. पण त्याच आगीत धुऱ्यावरचा निंब होरपळतो, मातीतले उपयोगी जीव मरतात, पाखरांची घरटी जातात. आणि दुपारी वारा फिरला की ती आग कुणाच्या मालकीची राहत नाही. वन खाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ वणव्याचा म्हणून धरते आणि त्याआधी जंगलात गवत काढून किंवा जाळून ‘जाळरेषा’ आखते, म्हणजे आग आली तरी तिथे तिला खायला काही उरू नये. शेतकऱ्याच्या धुऱ्याला अशी रेषा कोण आखून देणार?

२०२५ च्या रमजानमधला एक रविवार. आम्ही सकाळीच आंजीला पोहोचलो होतो. रोजे असल्यामुळे दुपारी घरात शांतता होती. मामू जोहरची नमाज उरकून वावरात गेले, कारण एक एकर गहू पिकून उभा होता आणि दोन दिवसांनी हार्वेस्टर यायचा होता. आम्ही मुलांना घेऊन त्यांच्या मागून निघालो. पांदणीच्या वळणावरच धूर दिसला. आधी वाटले, कुणी पऱ्हाटी जाळत असेल. मग धूर काळसर झाला, जमिनीलगत पसरू लागला आणि गवत तडतडल्याचा आवाज आला. वरच्या वावराच्या मालकाने सकाळी आपला धुरा पेटवला होता आणि विझला असे समजून तो घरी गेला होता. बाभळीच्या एका जुन्या खोडात विस्तव राहिला होता. दुपारच्या पश्चिमेच्या वाऱ्याने तो फुलला, झुडपात शिरला आणि तिथून खाली मामूंच्या गोठ्याच्या दिशेने निघाला.

गोठा टिनाचा, पण भिंती पऱ्हाटीच्या. त्यात बैलजोडी, एक गाय आणि तिचे वासरू. गोठ्यापासून पंधरा-वीस पावलांवर कुटाराची गंजी, म्हणजे जनावरांचा पावसाळ्यापर्यंतचा चारा. पलीकडे उभा गहू. विहीर होती, मोटार होती, पण त्या आठवड्यात शेतीच्या विजेची पाळी रात्रीची होती. बटण दाबून काही उपयोग नव्हता.

मामूंच्या मुलाने दोन फोन केले. एक अग्निशमन दलाला, दुसरा शेजारच्या वावरात काम करणाऱ्या दोस्ताला. बंब शहरातून यायचा होता, आणि अरुंद पांदणीतून मोठी गाडी आत येणे सोपे नव्हते. दोस्त मात्र पाच मिनिटांत आला, आणि एकटा आला नाही. धूर पाहून जो तो आपापल्या वावरातून धावला होता. कुणाच्या पाठीवर फवारणीचा पंप, कुणाच्या हातात कुऱ्हाड, कुणाच्या खांद्यावर ओले पोते. बाया विहिरीवर गेल्या आणि दोर-बादली सोडून पाणी शेंदू लागल्या. आम्हीही त्या रांगेत उभे राहिलो. मुलांना पांदणीच्या पलीकडे, आधीच वखरून काळ्या पडलेल्या वावरात उभे केले, कारण जळायला काही नाही अशी जागा तीच.

“बैलं सोडा आधी! बाकी मंग पाहू!” असे ओरडत एक वयस्कर शेतकरी गोठ्यात शिरले आणि त्यांनी कुऱ्हाडीने दावी तोडली. धुराने बिथरलेली जनावरे उधळून नदीच्या दिशेने गेली. त्यांच्यामागे कुणी धावले नाही. जीव वाचला म्हणजे ती परत मिळतील, हे सगळ्यांना ठाऊक होते.

मग त्याच वडिलांनी माणसे लावली. आगीच्या तोंडासमोर कुणाला उभे राहू दिले नाही. “आंगावर येते ते. बाजूनं धरा, मागून धरा,” असे ते पुन्हापुन्हा बजावत होते. पोरांनी निंबाच्या हिरव्या फांद्या तोडल्या आणि आगीच्या दोन्ही कडांना झोडपत पुढे सरकू लागले. पंपवाले त्यांच्यामागे. पाणी थोडे, म्हणून पेटत्या जाळावर ते न उडवता जाळ पडल्यावर खालच्या निखाऱ्यावर फवारा मारायचा. दरम्यान एकाने ट्रॅक्टर आणला. गोठा आणि झुडपाच्या मधल्या पट्टीत त्याने कल्टिव्हेटर घालून तीन-चार फेरे मारले. गवत उलथले, ओली माती वर आली. आगीला गोठ्याकडे यायची वाट तिथे तुटली.

मामूंचे वय पासष्टच्या पुढे. तेही फांदी घेऊन निघाले तेव्हा दोन पोरांनी त्यांना धरून निंबाखाली बसवले. “चाचा, तुमी बसा जी सावलीत. रोजा हाय ना तुमचा. आमी हाओत ना!” मामूंचा मुलगाही रोजाने होता. घशाला कोरड पडलेली, डोळे धुराने लाल. शरीअतने अशा प्रसंगी, जिवावर बेतले तर, रोजा सोडण्याची सवलत ठेवली आहे, हे आम्ही त्याला सांगितले. त्याने मान हलवली आणि पुन्हा पंप पाठीवर घेतला. त्याच्या शेजारी, त्याच्याइतकाच घामाघूम, वरच्या वावराचा मालक फांदी झोडपत होता. तो सगळ्यांत आधी पोहोचणाऱ्यांपैकी एक होता, आणि कुणाशीही काही बोलत नव्हता.

साधारण तासा-दीड तासाने जाळ खाली बसला. हिशेब मांडला तेव्हा गोठा वाचला होता. गहू वाचला होता, फक्त कडेच्या काही ओळी गेल्या. कुटाराची गंजी मात्र अर्धी जळाली, आणि धुऱ्यालगत गुंडाळून ठेवलेल्या ठिबकच्या नळ्या वितळून गोळा झाल्या. वरच्या शेतकऱ्याचे दोन्ही तळहात भाजले होते. मगरिबच्या आधी नदीकडून एक गुराखी बैलजोडी, गाय आणि वासरू हाकत घेऊन आला.

इफ्तार त्या दिवशी वावरातच झाला. मुमानीने घरून खजूर आणि सरबत पाठवले. शेजारच्या एका घरून चिरलेल्या टरबुजांचे ताट आले. आग विझवणारे सगळेच तहानलेले होते. पण अजान होईपर्यंत त्यांच्यातल्या कुणीही मामूंच्या मुलासमोर पाण्याला तोंड लावले नाही. कुणी कुणाला तसे सांगितले नव्हते.

रात्रीचे काम अजून बाकी होते. गंजीची आग विझली असे दिसते, पण आत विस्तव धुमसत राहतो आणि पहाटेच्या वाऱ्याने पुन्हा जाळ धरतो. त्यामुळे गंजी फावड्याने उपसून, पसरून, भिजवावी लागली. रानडुकरांसाठी या भागात रात्रीची जागल असतेच. त्या रात्री दोन शेजाऱ्यांनी आपली जागल सोडून मामूंच्या वावरात मुक्काम केला. आपापल्या पिकाची राखण त्यांनी त्या रात्री देवावर सोडली.

दुसऱ्या दिवशी मात्र खरा प्रश्न उभा राहिला. नात्यातल्या एकाने सांगितले की पोलीस ठाण्यात तक्रार द्या. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. निष्काळजीपणे विस्तव हाताळून दुसऱ्याला धोका पोचवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ प्रमाणे गुन्हा आहे. आणि अशा वेळी दोन समाजांतली गोष्ट म्हणून कुजबूज करणारी माणसेही कुठे ना कुठे असतातच. मामूंनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, “त्याचा धुरा माझ्या धुऱ्याले लागून हाय. कोर्टात तारखा भेटतीन, पण धुरा तोच राहीन. अन् तो पयला धावत आला, हे मी डोयानं पाह्यलं.”

चार जाणती माणसे बसली. वरच्या शेतकऱ्याने स्वतःहून आपल्या गंजीतले दोन बंड्या कुटार देऊ केले. मामूंनी ते घेतले. नको म्हणाले असते तर त्या माणसाची मान खालीच राहिली असती. ठिबकच्या नळ्यांचे निम्मे पैसे खरिपानंतर देण्याचे ठरले. आणि सर्वांत मोलाचे म्हणजे आसपासच्या वावरवाल्यांनी मिळून एक नेम केला. धुरा पेटवायचा असेल तर आदल्या दिवशी शेजाऱ्याला सांगायचे. सकाळी, वारा सुटण्याआधी पेटवायचा. दोन माणसे आणि भरलेला पंप जवळ ठेवायचा. दुपारी पुन्हा एक चक्कर मारून खोडे-बुंधे तपासायचे. कागद झाला नाही, सही झाली नाही, पण शब्द झाला.

आम्ही वर्गात उर्दूही शिकवतो आणि मराठीही. मराठीत ‘शेजारधर्म’ हा शब्द आहे. उर्दूत शेजाऱ्याला ‘हमसाया’ म्हणतात, म्हणजे एकाच सावलीत राहणारा. मुलांना हे दोन्ही शब्द समजावताना आम्ही आजवर भिंतीला भिंत लागून असलेली घरे डोळ्यांसमोर आणत होतो. आता धुऱ्याला लागून असलेला धुराही येतो. सूरह निसाच्या छत्तिसाव्या आयतीत आई-वडील, नातलग, अनाथ आणि गरजूंच्या जोडीने जवळच्या आणि परक्या, अशा दोन्ही शेजाऱ्यांशी चांगले वागण्याची आज्ञा आहे. परका शेजारी तिथे वगळलेला नाही, हे आपण विसरता कामा नये.

आणि सूरह माऊन तर आपल्या मुलांना पाठच असते. लहानशी सात आयतींची सूरह. तिच्या शेवटी, ‘माऊन’ द्यायला नकार देणाऱ्यांचा निषेध आहे. माऊन म्हणजे काय? हजरत अब्दुल्लाह इब्ने मसऊद (रजि.) यांनी त्याचा अर्थ सांगताना रोजच्या वापरातल्या, शेजाऱ्याने शेजाऱ्याला द्यायच्या वस्तूंची उदाहरणे दिली आहेत: कुऱ्हाड, हंडी, बादली. त्या रविवारी मामूंचा गोठा नेमक्या याच वस्तूंनी वाचवला. कुऱ्हाडीने दावी तुटली, बादलीने पाणी आले. आणि ज्यांच्या हातात त्या होत्या, त्यांना मामूंच्या घरून वर्षभर काही ना काही नेण्याची सवय होती. कुणी वखर नेला होता, कुणी बी मोजायचा काटा, कुणी लग्नात मोठे पातेले. मामूंनीही त्यांच्याकडून पंप, बंडी आणि अडचणीच्या वेळी एक बैल आणला होता. आगीच्या दिवशी धावणारी माणसे त्या दिवशी तयार होत नसतात. वर्षभर दिलेल्या-घेतलेल्या किरकोळ वस्तूंनी ती बांधली जातात. ज्याच्या दारात एरवी कुणी बादली मागायला जात नाही, त्याच्याकडे आगीच्या वेळी बादली घेऊन कोण जाईल?

हे फक्त आंजीचे नाही. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या आपल्या वाचकांना आंबा-काजूच्या बागांत शिरणारे वणवे चांगले माहीत आहेत. एका बेफिकीर काडीने वर्षांची मेहनत जाते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेला २०१२ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तेव्हा गावाने तेंदूपत्त्याची तोडणीच सोडून दिली. नवी पालवी यावी म्हणून जंगलात आगी लावल्या जातात आणि फांद्या छाटल्या जातात, हे त्यामागचे एक कारण. हातचे उत्पन्न सोडणे गरीब गावासाठी सोपे नसते, पण त्यांनी ते केले आणि बांबूवर भर दिला. कायदाही हेच सांगतो. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ७९ प्रमाणे राखीव किंवा संरक्षित वनात ज्यांना हक्क वा परवानगी आहे, त्यांनी आगीची खबर देणे आणि ती विझवायला मदत करणे बंधनकारक आहे.

ज्यांची शेती आहे, किंवा गावाकडे ज्यांचे कुणी शेती करते, अशा वाचकांसाठी काही साध्या गोष्टी. चाऱ्याची गंजी गोठ्यापासून आणि घरापासून लांब ठेवावी आणि तिच्याभोवती दहा-पंधरा फूट जमीन वखरून उघडी ठेवावी. फेब्रुवारी लागताच गोठ्याभोवतीचे गवत काढावे. विजेवर विसंबून न राहता विहिरीवर दोर आणि दोन बादल्या कायम ठेवाव्यात. फवारणीचा पंप धुऊन, पाणी भरून हाताशी असावा. पेट्रोलवर चालणारा पंप मात्र आगीजवळ नेऊ नये. जनावरांची दावी झटकन सुटतील अशी बांधावीत. आग लागली तर आधी माणसे, मग जनावरे, मग चारा आणि सामान, हा क्रम सोडू नये. वाऱ्याच्या समोर उभे राहू नये. अग्निशमनासाठी १०१, पोलिसांसह सर्व आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि जंगलातल्या आगीसाठी वन खात्याचा १९२६ हे क्रमांक मुलांनाही पाठ असावेत. आणि काडी ओढण्याआधी शेजाऱ्याला हाक मारावी. हा यातला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

यंदाही आंजीच्या धुऱ्यांवर गवत वाढेल, मार्चमध्ये वाळेल, आणि कुणीतरी ते पेटवेल. ते थांबवणे एकट्या कुणाच्या हातात नाही. पण आदल्या संध्याकाळी मामूंच्या अंगणात येऊन “चाचा, उद्या धुरा जाळतो जी” असे सांगणारा माणूस आता तिथे आहे, आणि त्याला चहा पाजून “मी येतो पंप घेऊन” म्हणणारा शेजारीही आहे. आपल्या मोहल्ल्यात, आपल्या इमारतीत, आपल्या गावात अशी हाक कुणाला मारता येईल, हे प्रत्येकाने उन्हाळा लागण्याआधी एकदा तपासून पाहावे.